सा कुठे धरायचा? ट्रंपेट, अल्टो, युफोनियम आणि पट्ट्यांचा हिशोब

घणसोली, करावे, दिवाळे, सारसोळे अशा नवी मुंबईतल्या आगरी-कोळी गावांत हळदीच्या रात्री मांडवाशेजारी बँड उभा असतो. ट्रंपेट, सॅक्सोफोन, ढोल-ताशा आणि अलीकडे हमखास कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड. दोन गाणी झाली की गाणारा मागे वळून म्हणतो, "दादा, एक घर खाली घ्या." कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण दाबतो आणि त्याच पट्ट्यांवर तीच बोटं फिरवत राहतो. ट्रंपेटवाल्याच्या हातात तीन पिस्टन आहेत, बटण नाही. त्याला त्याच क्षणी सगळी बोटं बदलावी लागतात. त्यात शेजारच्याचा अल्टो हॉर्न हातात घ्यायची वेळ आली, तर ही नवी बोटंही उपयोगाची नाहीत. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम असला तरी पितळी वाद्यांच्या रांगेत हीच कसरत चालते.

ही वाद्यं वेगवेगळ्या पट्टीत का बनवतात आणि एकावरून दुसऱ्यावर जाताना वादक नेमकं काय करतो, हे पायरीपायरीने पाहू. त्यासाठी लागणारी भाषा मराठी माणसाला आधीच येते. पेटीवर 'माझी काळी चार', 'तिची पांढरी पाच' असं आपण म्हणतोच. काळ्या-पांढऱ्या धरून लगतच्या पट्टीवर जाणं म्हणजे एक घर, एवढं ठरवून घेतलं की पुढचा सगळा हिशोब मोजता येतो.

नळीची लांबी ठरवते सा

ट्रंपेटवर एकही पिस्टन न दाबता फुंकलं की जो मूळ सूर लागतो तो पेटीवरची काळी पाच. म्हणून ते वाद्य बी फ्लॅटचं. अल्टो हॉर्नवर तसंच फुंकलं तर काळी दोन मिळते. तो ई फ्लॅटचा. सिम्फनी ऑर्केस्ट्रात दिसणारा गोल वेटोळ्याचा फ्रेंच हॉर्न एफचा, म्हणजे पांढरी चार. सी ट्रंपेटही असतो, त्याची पांढरी एक. वादक या प्रत्येक मोकळ्या सुराला त्या वाद्याचा 'सा' धरतो.

हा फरक नळीच्या लांबीचा. बी फ्लॅट ट्रंपेटची नळी उलगडली तर साधारण १४८ सेंटिमीटर भरते. एक घर खाली जायला नळी सुमारे सहा टक्के वाढवावी लागते. सी ट्रंपेट दोन घरं वरचा, म्हणून त्याची नळी साधारण १३२ सेंटिमीटर. लांबी दुप्पट केली की सूर पूर्ण सप्तक खाली जातो. युफोनियमची नळी पावणेतीन ते तीन मीटर, म्हणून तो ट्रंपेटचाच सूर एक सप्तक खाली देतो. खांद्यावरून वळसा घालून डोक्यावर भोंगा काढणारा मोठा बास, म्हणजे सूझाफोन, साडेपाच मीटरच्या आसपास. आणखी एक सप्तक खाली. ही झाली बी फ्लॅटची भावंडं. दुसरीकडे अल्टो हॉर्न सुमारे दोन मीटर आणि ई फ्लॅट बास चार मीटर, ही ई फ्लॅटची जोडी.

ही दोन घराणी अपघाताने झाली नाहीत. अडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने १८४०च्या दशकात पॅरिसमध्ये सॅक्सहॉर्नची मालिका काढली ती बी फ्लॅट, ई फ्लॅट, पुन्हा बी फ्लॅट, पुन्हा ई फ्लॅट अशी आलटून पालटून. इंग्लंडच्या गिरण्या-खाणींमधल्या ब्रास बँडांनी आणि लष्करी बँडांनी ती उचलली आणि ब्रिटिश पलटणींबरोबर ती हिंदुस्थानात आली. मेरठच्या जली कोठी भागातले कारखाने आजही याच घराण्यांची वाद्यं देशभरच्या लग्नाच्या बँडांना पुरवतात. त्यांतली नादिर अली आणि कंपनी १८८५ सालची.

तीन पिस्टन, सात जोड्या

आधी मोकळ्या नळीत काय मिळतं ते पाहू. ओठ आवळत नेले की एकच नळी पायऱ्यापायऱ्यांनी वरचे सूर देते: सा, प, तार सा, तार ग, तार प. मधले सूर नळीत नाहीत. पिस्टन यायच्या आधी वादक निरनिराळ्या लांबीच्या वेटोळ्या नळ्या पेटीत घेऊन हिंडत आणि पट्टी बदलली की एक काढून दुसरी बसवत. १८१८ साली बर्लिनमध्ये श्टोएल्त्सेल आणि ब्लूमेल यांनी वॉल्व्हचं पेटंट घेतलं. १८३९ मध्ये पॅरिसच्या पेरिने यांनी पिस्टनला आजचं रूप दिलं. जादा नळी तेव्हापासून वाद्यातच बसली.

दुसरा पिस्टन दाबला की सूर एक घर उतरतो, पहिल्याने दोन घरं, तिसऱ्याने तीन. सा ते प ही सगळ्यांत रुंद दरी सात घरांची. ती भरायला एक ते सहा घरं उतरता आली की पुरे. तीन पिस्टनांच्या जोड्यांमधून नेमकी तेवढीच मिळतात.

यावरून ट्रंपेटची सरगम पाठ न करताही काढता येते. प मोकळा. म त्याच्या दोन घरं खाली, म्हणून पहिला पिस्टन. ग तीन घरं खाली, म्हणून पहिला-दुसरा. रे पाच घरं खाली, म्हणून पहिला-तिसरा. सा पुन्हा मोकळा. वरच्या बाजूला तार सा मोकळा, नी त्याच्या एक घर खाली म्हणजे दुसरा, ध तीन घरं खाली म्हणजे पहिला-दुसरा.

आता हळदीतल्या 'एक घर खाली घ्या'चा अर्थ बोटांना विचारू. काळी पाचवर सा-रे-ग-म-प वाजत होतं तेव्हा बोटं अशी होती: मोकळा, १-३, १-२, १, मोकळा. एक घर खाली, म्हणजे पांढरी सहावर, तीच ओळ अशी होते: २, १-२-३, २-३, १-२, २. प्रत्येक सूर एकेक घरच उतरला, पण पाचांतली एकही जोडी जागेवर राहिली नाही.

इथेच एक खोच लक्षात घ्यावी. दोन पिस्टन एकत्र दाबले की नळी पुरेशी लांब होत नाही, कारण सोबतच्या पिस्टनच्या वाट्याला आलेली नळी आता आधीच लांबलेल्या वाद्याच्या मानाने तोकडी असते. १४८ सेंटिमीटरच्या ट्रंपेटवर रे साठी शुद्ध गणिताने सुमारे साडेएकोणपन्नास सेंटिमीटर जादा नळी हवी. पहिल्या-तिसऱ्याची बेरीज सेहेचाळीसच्या आसपास थांबते. म्हणून १-३चा सूर चढा लागतो आणि १-२-३चा त्याहून चढा. तिसऱ्या पिस्टनच्या स्लाइडला जी कडी असते ती यासाठीच. डाव्या हाताच्या बोटाने ती दीड-पावणेदोन सेंटिमीटर पुढे सरकवली की नळी दोन्ही बाजूंनी वाढते आणि सूर जागेवर येतो. मांडवात उभं राहून बँडचा रे ऐकला तर कडी वापरणारा आणि न वापरणारा वादक लगेच वेगळे ओळखू येतात.

पट्टी बदलणारं वाद्य, न बदलणारी बोटं

अल्टो, युफोनियम, सूझाफोन या सगळ्यांवर पिस्टनांचं गणित हेच आहे. त्यामुळे सा मोकळा, रे १-३, ग १-२ ही सरगम प्रत्येकावर तशीच राहते. बदलतो तो सा चा पत्ता.

समजा एक चाल ट्रंपेटवर काळी पाचला बसली आहे आणि तीच अल्टोवर, त्याच पट्टीत वाजवायची आहे. अल्टोचा स्वतःचा सा काळी दोन. काळी दोनपासून काळी पाचपर्यंत मोजा: सात घरं, म्हणजे पंचम. मग अल्टोवर पंचमाला सा धरायचा. बोटं अशी होतात: मोकळा, १-२, २, मोकळा, १. हिशोब एकदाच करायचा. बी फ्लॅटवरचा सा हा ई फ्लॅटवरचा प, एफ हॉर्नवरचा म आणि सी ट्रंपेटवरचा कोमल नी.

मध्यमाला किंवा पंचमाला षड्ज मानून गाणं आपल्या गायकीत नवं नाही. बँडमधला सरगमवर तयार झालेला वादक म्हणूनच हे पटकन उचलतो. त्याने सूर कधी ठरावीक पट्टीला चिकटवलेलेच नसतात; सा सरकला की बाकीचे सहा आपोआप सरकतात.

गायकाची पट्टी कळली की वादकाला एकच प्रश्न पडतो: ती माझ्या वाद्याच्या सा पासून किती घरांवर? नेहमीच्या काही पट्ट्या बी फ्लॅट आणि ई फ्लॅटवर अशा बसतात:

काळी पाच: बी फ्लॅटवर सा, ई फ्लॅटवर प.
काळी दोन: बी फ्लॅटवर म, ई फ्लॅटवर सा.
पांढरी चार: बी फ्लॅटवर प, ई फ्लॅटवर रे.
काळी चार: बी फ्लॅटवर कोमल नी, ई फ्लॅटवर म.
पांढरी एक: बी फ्लॅटवर रे, ई फ्लॅटवर ध.
काळी एक: बी फ्लॅटवर कोमल ग, ई फ्लॅटवर कोमल नी.

पहिल्या चार पट्ट्यांत दोन्ही घराण्यांना मोकळे सूर आणि सोप्या जोड्या मिळतात. नुसता बँड वाजतो तेव्हा मास्टर बहुधा यांतलीच पट्टी का निवडतो, याचं उत्तर तिथे आहे. ई फ्लॅट अल्टो सॅक्सोफोन आणि बी फ्लॅट टेनर सॅक्सोफोन, क्लॅरनेट ही वाद्यं पत्तीवर वाजतात, त्यांची बोटं निराळी. पण सा चा हा हिशोब त्यांनाही जसाच्या तसा लागू आहे.

कागदावर केलेला हिशोब

नोटेशन वाचणाऱ्या बँडात हे ओझं वादकावर नसतं. कागद लिहिणाराच ते उचलतो. बी फ्लॅट वाद्यासाठी मूळ सुरापेक्षा दोन घरं वर लिहायचं, एफ हॉर्नसाठी सात घरं, ई फ्लॅट अल्टोसाठी नऊ घरं. वादकाने कागदावर पाहिलेला सी म्हणजे हातातल्या वाद्याचा मोकळा सूर, मग तो पेटीवर काहीही असो. इंग्लंडच्या ब्रास बँडांनी कॉर्नेटपासून बासपर्यंत जवळजवळ सगळ्यांचे कागद एकाच ट्रेबल क्लेफमध्ये लिहायची पद्धत पाडली. कॉर्नेटचा वादक आजारी बासवाल्याच्या जागी उभा करायचा तर त्याला नवं वाचन शिकवावं लागत नाही.

लष्करी शिक्षण याच वाटेने जातं. मध्य प्रदेशात पचमढीला सैन्याची मिलिटरी म्युझिक विंग १९५० पासून आहे आणि कुलाब्याच्या आयएनएस कुंजालीत नौदलाचे बँडवादक तयार होतात.

मुंबईच्या हिंदी सिनेमात हा हिशोब प्रामुख्याने गोव्याच्या वादकांनी आणि संयोजकांनी सांभाळला. चर्चच्या पारोकियल शाळांत ते लहानपणीच नोटेशन वाचायला शिकत. पोर्तुगीज परंपरेतलं सोल्फेज 'अचल' आहे: डो म्हणजे कायम पांढरी एक. आपला सा मात्र चल. संगीतकार चाल सरगममध्ये किंवा नुसती गाऊन सांगे. शंकर-जयकिशनकडे सेबास्टियन डिसोझांसारखा संयोजक ती ऐकून प्रत्येक वाद्याच्या पट्टीत उतरवी आणि वादकापुढे त्याच्या बोटांच्या भाषेतला कागद येई. सी. रामचंद्रांकडे वाजवणारे चिक चॉकलेट, म्हणजे आल्दोनाचे आंतोनियो शाव्हियेर वाझ, आणि फ्रँक फर्नांड हे ट्रंपेटवादक याच तालमीतले.

कागदाचे अपवादही पाठ असावे लागतात. ट्रोंबोन बी फ्लॅटचा, पण ऑर्केस्ट्रात तो बेस क्लेफमध्ये पेटीच्या पट्टीतच लिहितात. मोकळ्या सुराला वादक बी फ्लॅटच म्हणतो. युफोनियमचा कागद दोन्ही तऱ्हांनी मिळतो. ट्रंपेटवरून युफोनियमवर येणाऱ्याने ट्रेबल क्लेफचा मागावा, ट्रोंबोनवरून येणाऱ्याने बेस क्लेफचा.

मोत्सार्ट-बेथोव्हेनच्या काळातले कागद पिस्टन यायच्या आधीचे, म्हणून त्यांत 'डीचा ट्रंपेट', 'एफचा ट्रंपेट' असं नुसतं लिहिलेलं असतं. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये २००६ साली सुरू झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियासारख्या वाद्यवृंदात असा कागद समोर आला की वादक आपल्याच ट्रंपेटवर नजरेने घरं मोजत वाजवतो. मांडवातला ट्रंपेटवाला कानाने तेच करत असतो.

याच्या उलट टोकाला डबल हॉर्न आहे. त्यात एफची ३.७ मीटरची आणि बी फ्लॅटची पावणेतीन मीटरची अशा दोन नळ्या एकाच वाद्यात बसवलेल्या असतात आणि अंगठ्याचा वॉल्व्ह एकीतून दुसरीत नेतो. कागद मात्र कायम एफचाच. इथे बोटं बदलतात आणि कागद जागेवर राहतो.

ओठांना हिशोब कळत नाही

डोक्यातलं गणित सुटलं तरी निम्मं काम बाकी राहतं. ट्रंपेटच्या माउथपीसचा आतला व्यास १६-१७ मिलिमीटर, युफोनियमचा २५च्या आसपास, मोठ्या बासचा ३२-३३. वाटी मोठी झाली की ओठांचा जास्त भाग थरथरतो, हवा जास्त लागते, पण तिचा दाब कमी. ट्रंपेटवरून बासवर आलेला नवखा ओठ आवळूनच फुंकतो आणि सूर चढा, बारीक लागतो. बासवरून ट्रंपेटवर परतलेल्याचे वरचे सूर काही मिनिटं हातीच लागत नाहीत. म्हणूनच दोन वाद्यं वाजवायची असली तर आधी लहान वाटीचं वाजवून मग मोठ्याकडे जाणं सोपं पडतं.

पट्टी एकच असली तरी फरक चुकत नाही. फ्लूगलहॉर्न ट्रंपेटसारखाच बी फ्लॅटचा, लांबीही तेवढीच. पण त्याची नळी बहुतेक लांबीभर रुंदावत जाते. आवाज मऊ होतो आणि सूर जरा जास्त हलतो. फ्रेंच हॉर्नची अडचण वेगळी. लांब नळीच्या वरच्या पायऱ्यांवर तो वाजतो आणि तिथे शेजारच्या पायऱ्या एकदोन घरांवर येतात. बोटं बरोबर असूनही भलताच सूर लागू शकतो. सूर लावण्याआधी तो मनात ऐकलेला असेल, तरच ओठ त्या पायरीवर जातात.

हवामानही आपला वाटा घेतं. हवा तापली की नळीतला आवाज जलद जातो आणि सूर चढतो. दहा अंशांचा फरक पूर्ण पडला तर घराच्या चौथ्या हिश्शाहून जास्त. वादकाच्या उबदार श्वासामुळे प्रत्यक्षात इतकं होत नाही, पण एसी नाट्यगृहातून मे महिन्याच्या मांडवात आलेल्या वाद्याची ट्यूनिंग स्लाइड थोडी बाहेर ओढावीच लागते. कीबोर्ड तापला म्हणून चढत नाही, त्यामुळे जुळवून घेणं पितळेच्याच नशिबी.

जुनं वाद्य घेतानाही हे तपासावं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ब्रिटिश लष्करी बँड आजच्या ४४० कंपनांऐवजी सुमारे ४५२ कंपनांवर मेळ लावत. त्या पट्टीचं वाद्य आजच्या कीबोर्डपुढे जवळजवळ अर्धं घर चढं लागतं. स्लाइड ओढून मोकळा सूर जुळवला, तरी पिस्टनच्या नळ्या तोकड्याच राहतात आणि दाबलेले सूर पुन्हा चढे येतात.

शिकायचं कुठून

नवशिक्याचा कल लवकर दुसरं वाद्य विकत घेण्याकडे असतो. त्याआधी पहिल्याच ट्रंपेटवर एकच साधी चाल पाच ठिकाणी सा धरून वाजवावी: सा, प, म, कोमल नी आणि रे. वरच्या यादीत पाहिलं तर काळी पाच, पांढरी चार, काळी दोन, काळी चार आणि पांढरी एक एवढ्या पट्ट्या यात येऊन जातात. चाल ओठांवर असलेली घ्यावी, बोटांवर असलेली नको. आधी पेटीवर किंवा मोबाइलच्या तानपुऱ्यावर नवा सा लावून ती गाऊन घ्यावी, मग वाद्य उचलावं. सोसायटीत राहणाऱ्याला म्यूट लावावाच लागतो. बरेचसे म्यूट सूर किंचित चढवतात, तेव्हा स्लाइड पुन्हा जुळवावी.

पाच जागी सा धरता येऊ लागला की अल्टोचा हिशोब वेगळा शिकायला उरत नाही, कारण 'पंचमाला सा' ही त्या पाचांतलीच एक जागा आहे. मग नव्या वाद्यावर फक्त दोन गोष्टींची तालीम करायची: नवा माउथपीस आणि मोकळ्या सा-प-सांची कानाला ओळख. दोन वाद्यं आलटून पालटून वाजवताना प्रत्येक बदलाआधी एवढे तीन सूर हळू लावून घ्यावेत. आधीच्या वाद्याचा सा कानातून गेल्याशिवाय नव्याची सरगम सुरू करू नये.

कागद असेल तर लिहिणारा घरं मोजतो, कीबोर्डवर बटण मोजतं. मांडवात दोन्ही नसतात, तेव्हा मोजणं वादकाकडे येतं, आणि ते एका वाद्यावर नीट जमलेल्याला दुसऱ्यासाठी नव्याने शिकावं लागत नाही.